वकिलाची सनद अशिलाला तपासता आली पाहिजे

कोर्टाच्या आवारात वकिलांसाठी अशील गाठत फिरणाऱ्या दलालांची यादी करावी आणि ती प्रत्येक कोर्टात लावून ठेवावी, ही तरतूद आपल्याकडे १८७९ च्या लीगल प्रॅक्टिशनर्स अ‍ॅक्टपासून चालत आली आहे. तो जुना कायदा रद्द करताना २०२३ मध्ये संसदेने ही तरतूद तेवढी जपली आणि अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये कलम ४५-अ म्हणून आणली. यादीत नाव आलेल्या दलालाला न्यायाधीश आवारात येण्यापासून रोखू शकतात आणि तरीही तो दलाली करत राहिला तर त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. तरतूद चांगलीच आहे. पण कोर्टाची पायरी चढणाऱ्या माणसाला त्याआधी आणखी एक यादी हवी असते. वकील म्हणून समोर उभा असलेला माणूस खरोखर वकील आहे का, त्याची सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, आज चालू आहे का, ती कधी निलंबित झाली होती का, हे सांगणारी यादी. ती भिंतीवर लावा असे कोणी म्हणणार नाही, पण मोबाइलवर तरी ती दिसावी. कोणत्याही नागरिकाला, फुकट, खाते न उघडता, आणि आपल्याकडे मराठीतही.

तालुका कोर्टाबाहेर वकीलपत्रावर सही होते, तो प्रसंग जरा जवळून पाहा. टायपिस्टच्या टेबलावर छापील वकीलपत्र पुढे येते. त्यावर वकिलांच्या वेल्फेअर फंडाचा स्टॅम्प चिकटवलेला असतो. खाली रबरी शिक्का असतो: नाव, ‘अ‍ॅडव्होकेट’, मग ‘एमएएच’ हा राज्याचा संकेत, तिरपी रेघ, एक आकडा, पुन्हा तिरपी रेघ आणि वर्ष. अशील बोट ठेवलेल्या जागी सही करतो. प्लास्टिकच्या पिशवीतून सातबारा, मृत्यूचा दाखला, अपघाताचा पंचनामा असे जपून ठेवलेले मूळ कागद काढून देतो आणि आगाऊ फीचे पैसे मोजतो. त्या एका सहीने त्याने समोरच्याला आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार दिलेला असतो. मजकुरात लिहिले असेल तर तडजोड करण्याचा आणि कोर्टात जमा झालेली रक्कम उचलण्याचाही. शिक्क्यातला तो आकडा खरा आहे की नाही, हे पाहण्याची सोय त्याच्याकडे नसते. विचारावे तर कोणाला? काळा कोट घातलेल्या माणसाला ‘साहेब, तुमची सनद दाखवा’ म्हणायचे धाडस वाटणीचा दावा घेऊन आलेल्या विधवेकडून अपेक्षित धरणे हाच अन्याय आहे. न विचारता पाहता येईल अशी सोय तिच्यासाठी हवी.

कायद्याने ही नोंद मागितलेलीच नाही असे नाही. अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्ट, १९६१ च्या कलम १७ प्रमाणे प्रत्येक राज्याच्या बार कौन्सिलने, म्हणजे वकिलांची नोंदणी आणि शिस्त पाहणाऱ्या संस्थेने, वकिलांची नामावली ठेवायची असते, एका भागात वरिष्ठ वकील आणि दुसऱ्या भागात बाकी सगळे. कलम १९ प्रमाणे तिची प्रत बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे पाठवायची असते. आणि माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाचे कलम ४१. शिस्तभंगाच्या कारवाईत एखाद्या वकिलाला ताकीद मिळाली किंवा त्याची सनद निलंबित झाली, तर त्या शिक्षेची नोंद नामावलीत त्याच्या नावापुढे करायची, आणि सनद रद्द झाली तर नाव खोडायचे, असे हे कलम स्पष्ट सांगते. म्हणजे १९६१ च्या कायदेमंडळाला नामावलीत फक्त नावे नको होती, माणसाचा व्यावसायिक इतिहासही त्याच पानावर हवा होता. आता ते पान वाचायचे कोणी? वकिलाला स्वतःची शिक्षा माहीत असते, कौन्सिलच्या दप्तराला माहीत असते. ती नोंद ज्याला खरोखर उपयोगी पडेल तो अशील, आणि त्याच्यापर्यंत ती पोचत नाही.

महाराष्ट्र, गोवा, दादरा-नगर हवेली आणि दमण-दीव या सगळ्यांसाठी एकच बार कौन्सिल आहे आणि तिचे दप्तर मुंबईत फोर्टला, हायकोर्टाच्या आवारात आहे. गोव्यातल्या काणकोणच्या किंवा गडचिरोलीतल्या सिरोंच्याच्या माणसाने एक सनद तपासण्यासाठी तिथवर यावे, किंवा माहितीच्या अधिकारात अर्ज करून तीस दिवस थांबावे, असे म्हणण्यात अर्थ नाही. त्याला वकील उद्याच्या तारखेला हवा असतो. आणि माहितीच्या अधिकाराचा तो रस्ताही आता पूर्वीइतका मोकळा नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने त्या अधिकाराच्या कलम ८(१)(ञ) मध्ये बदल केला आणि ‘वैयक्तिक माहिती’ नाकारणे सोपे करून ठेवले. एकेकाने अर्ज करून माहिती मिळवण्यापेक्षा कौन्सिलने ती आपण होऊन मांडावी, हे म्हणूनच आज जास्त निकडीचे झाले आहे.

कोणी म्हणेल, तोतया वकील कोर्टात टिकतोच कुठे? न्यायाधीश असतात, समोरच्या पक्षाचा वकील असतो, बार रूममध्ये रोजची उठबस असते, लगेच उघडा पडेल. २०२१ मध्ये केरळात अलप्पुळाला जे घडले त्याने हा भरवसा खोटा ठरवला. दोन वर्षांहून अधिक काळ तिथल्या कोर्टांत वकील म्हणून वावरणाऱ्या एका तरुणीकडे कायद्याची पदवी आणि सनद दोन्ही नाहीत, अशी तक्रार तिथल्या वकील संघटनेनेच पोलिसांकडे केली. तिने दिलेला नोंदणी क्रमांक दुसऱ्याच वकिलाचा निघाला. तोवर ती त्या संघटनेच्या निवडणुकीत निवडूनही आली होती. रोज सोबत काम करणाऱ्या वकिलांना जे कळले नाही ते अशिलाला चेहरा पाहून कळावे, अशी अपेक्षा कशी धरायची? नाव, क्रमांक आणि फोटो एकत्र दाखवणारे एक पान उघडे असते तर पहिल्याच महिन्यात कोणीतरी तो क्रमांक घालून पाहिला असता.

असे प्रकार एकट्या केरळाचे नाहीत. दिल्लीचे तत्कालीन कायदामंत्री जितेंदर सिंह तोमर यांना बनावट पदवीच्या आरोपावरून जून २०१५ मध्ये अटक झाली, तेव्हा राजधानीतल्या कायदा खात्याच्या प्रमुखाच्याच पदवीवर प्रश्न उभा राहिला होता. त्याच वर्षी बार कौन्सिल ऑफ इंडियाने सनद व व्यवसायाचे ठिकाण पडताळणीचे नियम आणले. वकिलांनी अर्ज भरायचे, कौन्सिलने विद्यापीठांकडून पदव्या तपासून घ्यायच्या. पण विद्यापीठांनी पडताळणीचे शुल्क मागितले, अर्ज रखडले, वर्षे गेली. एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला निवृत्त न्यायमूर्ती दीपक गुप्ता यांच्या अध्यक्षतेखाली उच्चाधिकार समिती नेमावी लागली आणि विद्यापीठांनी पदव्या विनाशुल्क तपासून द्याव्यात असे सांगावे लागले. देशात पंचवीस लाखांच्या आसपास वकील असल्याचा अंदाज तेव्हा न्यायालयापुढे आला होता. पदवी नसलेला माणूस न्यायप्रक्रियेत शिरणे हा न्यायव्यवस्थेलाच धोका आहे, ही या सगळ्यामागची काळजी होती आणि ती रास्त होती.

मला खटकते ते एवढेच, की इतकी मोठी खटपट चालली ती पूर्णपणे आतल्या आत. वकिलाने कौन्सिलला सांगायचे, कौन्सिलने विद्यापीठाला, विद्यापीठाने परत कौन्सिलला. ज्याच्या नावावर दावा चालतो तो माणूस या साखळीत कुठेच नाही. कोणत्या वकिलाची पडताळणी झाली, कोणाची बाकी आहे, हे निदान टप्प्याटप्प्याने तरी लोकांपुढे ठेवायला हवे होते. काही राज्यांच्या कौन्सिलांनी संकेतस्थळावर नावाचा शोध दिला आहे, कुठे नुसती पीडीएफ यादी आहे, आणि प्रत्येक ठिकाणची तऱ्हा वेगळी. देशभराची एकच ताजी नोंद, जिच्यात सनदेची आजची स्थिती आणि शिस्तभंगाचे अंतिम आदेश एका जागी दिसतील, अशी अजून लोकांच्या हातात आलेली नाही.

वकिलीच्या बाबतीत ही गरज इतर व्यवसायांपेक्षा जास्त आहे, आणि त्याला दोन ठोस कारणे आहेत. पहिले असे की वकिलाला जाहिरात करता येत नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ३६ ने ती मनाई केली आहे. जुलै २०२४ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने वकिलांची जाहिरात करणाऱ्या ऑनलाइन पोर्टलांवरही कारवाई करायला सांगितले. ही बंदी मला मान्य आहे. न्याय मिळवून देण्याचे काम ‘इतके टक्के यश’ अशा फलकांवर विकले जाऊ नये. पण बाजारातली माहिती बंद केली की विश्वासार्ह माहिती देण्याची जबाबदारी बंदी घालणाऱ्यावर येते. ती त्याने उचलली नाही तर ती जागा तोंडी शिफारशीला आणि दलालाला मिळते. अपघात झालेल्याच्या नातेवाइकांना दवाखान्याच्या व्हरांड्यातच ‘आपल्या ओळखीचे वकील आहेत’ म्हणणारा माणूस भेटतो, तो याच पोकळीतून.

दुसरे कारण त्याहून गंभीर आहे. १४ मे २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की वकिलाच्या सेवेतल्या त्रुटीबद्दल ग्राहक मंचाकडे दाद मागता येणार नाही. वकिली हा धंदा नाही, ते एक विशेष प्रकारचे व्यावसायिक नाते आहे आणि त्यात अशिलाचे वकिलावर बरेच नियंत्रण असते, हा त्यामागचा विचार. मी त्या निकालाशी इथे वाद घालत नाही. पण त्यानंतर फसलेल्या अशिलासमोर मुख्य दार उरते ते बार कौन्सिलच्या शिस्तभंग समितीचे. कलम ३६-ब सांगते की तक्रार वर्षभरात निकाली काढावी, नाही तर ती बार कौन्सिल ऑफ इंडियाकडे जावी. तिथे काय निकाल लागला हे पुढच्या अशिलाला कळणार नसेल, तर एकाने भोगलेल्यातून दुसऱ्याचे रक्षण होत नाही. आणि ज्या नात्याचा पाया अशिलाचे नियंत्रण हा मानला, त्या नात्यात शिरताना समोरचा कोण आहे एवढे तरी अशिलाला पाहता यायला नको का?

आपल्याच राज्यात याचे उत्तर दुसऱ्या क्षेत्राने देऊन ठेवले आहे. २०१७ पासून महारेराच्या, म्हणजे गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या प्राधिकरणाच्या, संकेतस्थळावर कोणीही गृहप्रकल्पाचे आणि एजंटाचे नाव घालून त्याची नोंदणी, मुदत आणि त्याच्याविरुद्धचे आदेश पाहू शकतो. ऑगस्ट २०२३ पासून तर प्रकल्पाच्या जाहिरातीवर क्यूआर कोड छापणे बंधनकारक आहे. सुरुवातीला बिल्डरांनी कुरकुर केली, आता फ्लॅट घेणारा पहिल्यांदा महारेरा क्रमांक विचारतो. डॉक्टरांची नोंद राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या संकेतस्थळावर शोधता येते. घर आणि दुखणे यांच्या बाबतीत जे लागू झाले ते जमिनीच्या, पोटगीच्या, जामिनाच्या बाबतीत लागू न व्हायला कारण दिसत नाही.

कॅलिफोर्नियात स्थायिक झालेल्या मराठी माणसाला इमिग्रेशनचे काम करून घ्यायचे असले तर तो तिथल्या स्टेट बारच्या संकेतस्थळावर वकिलाचे नाव टाकतो. परवाना क्रमांक, तो चालू आहे की नाही, कधी मिळाला, शिक्षण कुठल्या लॉ स्कूलमध्ये झाले, शिस्तभंगाची कारवाई झाली असेल तर तीही, सगळे त्या पानावर असते. त्याच माणसाचे साताऱ्याला वडिलोपार्जित जमिनीचे भांडण उभे राहते तेव्हा तो भावाच्या नावे कुलमुखत्यारपत्र करून देतो आणि भाऊ सुचवेल त्या वकिलाला फी पाठवतो. हजारो मैलांवर बसून त्याला यापेक्षा जास्त काही करता येत नाही. परदेशातला वकील तपासणे त्याला सोपे आणि स्वतःच्या गावातला अवघड, ही स्थिती बदलायला हवी.

आता वकिलांचे आक्षेप. ते खोडसाळ नाहीत, म्हणून नीट पाहायला हवेत. पहिला खासगीपणाचा. विशेषतः कौटुंबिक वादात किंवा फौजदारी खटल्यात स्त्रियांची बाजू मांडणाऱ्या महिला वकिलांना याची खरी भीती आहे. समोरचा पक्ष चिडून घरापर्यंत येतो, फोन करून धमकावतो. त्यामुळे घरचा पत्ता, जन्मतारीख, वैयक्तिक मोबाइल यांतले काहीही या नोंदीत नको, यावर तडजोड नको. पण नाव, नोंदणी क्रमांक, नोंदणीची तारीख आणि सनदेची स्थिती या गोष्टी खासगी कशा? बार कौन्सिल ऑफ इंडियाने २००८ मध्ये नियम ३६ सैल करून वकिलाला स्वतःच्या संकेतस्थळावर यांतले नाव, नोंदणी क्रमांक आणि तारीख, शिवाय पात्रता आणि कामाची क्षेत्रे, द्यायला परवानगी दिली. आणि कोर्टांतल्या प्रकरणांची माहिती देणाऱ्या ई-कोर्ट्सच्या सरकारी संकेतस्थळावर आज कोणीही राज्याचा संकेत, नोंदणी क्रमांक आणि वर्ष घालून एखाद्या वकिलाच्या नावावरची प्रकरणे पाहू शकतो. त्या वकिलाची आजची तारीख कोणत्या कोर्टात आहे हे दिसते, त्याची सनद जिवंत आहे का एवढेच दिसत नाही.

दुसरा आक्षेप तक्रारींचा. हरलेला पक्ष रागाने तक्रार करतो, विरुद्ध बाजूचा त्रास द्यायला करतो. हे खरेच आहे, आणि म्हणून प्रलंबित तक्रार नोंदीत दाखवू नये. फक्त अंतिम आदेश दाखवावा, आणि अपिलात तो फिरला तर त्याच दिवशी तो बदलही. शिक्षेचे कारण आदेशातच लिहिलेले असते, ते वाचून माणूस ठरवेल. वीस वर्षांपूर्वीची एक ताकीद आणि अशिलाचे पैसे लाटल्याबद्दल झालेले निलंबन यांतला फरक लोकांना कळतो. त्यासाठी दोन्ही लपवून ठेवायची गरज नाही.

क्रमांक उघडा केला तर तोतयांनाच चोरायला सोपा जाईल, असेही म्हटले जाते. अलप्पुळाचे प्रकरण क्रमांक सहज पाहता येत नसताना घडले. शिक्क्यावर, वकीलपत्रावर, लेटरहेडवर तो रोज छापला जातो, चोरणाऱ्याला तो कुठेही मिळतो. आज अडचण होते ती फक्त तपासणाऱ्याची.

मग पैशांचा मुद्दा. जुलै २०२४ च्या निकालाने सर्वोच्च न्यायालयाने राज्य कौन्सिलांना कायद्यात ठरलेल्या नोंदणी शुल्कापेक्षा जास्त घ्यायला मनाई केली. सर्वसाधारण उमेदवाराला ते सगळे मिळून ७५० रुपये होते, आणि त्याआधी अनेक कौन्सिला त्याच्या कित्येक पट घेत होत्या. तो निकाल गरीब घरातल्या नव्या वकिलांसाठी फार मोलाचा होता, पण कौन्सिलांचे उत्पन्न घटले हेही खरे. तेव्हा हा खर्च एकट्या कौन्सिलांवर टाकू नये. ई-कोर्ट्सच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने ७,२१० कोटी रुपये मंजूर केले आहेत. ई-फाइलिंग करणाऱ्या वकिलाचा क्रमांक त्या व्यवस्थेत आधीच घ्यावा लागतो. तो कौन्सिलच्या नोंदीशी जोडून नागरिकांसाठी एक शोधखिडकी उघडणे त्या रकमेपुढे किरकोळ काम आहे.

सनदेची स्थिती हा शब्द मी पुन्हा पुन्हा वापरतो आहे, कारण खरी गुंतागुंत तिथेच आहे. तोतये मोजके असतात. त्यांच्यापेक्षा अधिक असतात ते एकेकाळी रीतसर नोंदले गेलेले, पण आज ज्यांना व्यवसाय करता येत नाही असे. पूर्ण वेळ नोकरी लागली की वकिलाने सनद निलंबित करून घ्यायची असते. कोणी नोकरी करतो आणि ओळखीतल्यांची कामेही घेतो. नव्या पदवीधराला अखिल भारतीय बार परीक्षा ठरलेल्या मुदतीत उत्तीर्ण व्हावी लागते, नाही तर व्यवसायाचा अधिकार राहत नाही. शिक्षा म्हणून निलंबित झालेल्याला तर त्या काळात देशातल्या कोणत्याही कोर्टात उभे राहता येत नाही. या सगळ्यांच्या घरात भिंतीवर चौकटीत लावलेली सनद मात्र तशीच असते. ती पाहून अशील समाधान मानतो. तो कागद एका दिवसाची गोष्ट सांगतो, अशिलाला आजची हवी असते. कलम ४१ प्रमाणे निलंबित वा रद्द झालेल्याकडून तो कागद परत मागवायचा असतो, पण कागद परत आला की नाही यावर अशिलाची सुरक्षितता टांगून ठेवता येत नाही.

खोटी वकिली करणाऱ्याला कलम ४५ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. पण कैद झाली म्हणून गेलेले परत येत नाही. अपिलाची मुदत टळलेली असते, साक्षीदार म्हातारे झालेले असतात, मूळ कागद हरवलेले असतात, आणि झालेला उशीर माफ करा असा अर्ज घेऊन त्याच माणसाला नव्या वकिलाकडे जावे लागते.

चांगले वकील या मागणीला विरोध करतील असे मला वाटत नाही. इमानाने प्रॅक्टिस करणाऱ्या आणि पहिल्या पाच-सात वर्षांत कसेबसे भाडे भरणाऱ्या ज्युनिअरलाच अशा बनावट स्पर्धेचा सर्वांत जास्त फटका बसतो. बार कौन्सिलचे सदस्य वकीलच निवडतात, अशिलाला तिथे मत नाही. आपल्या कौन्सिलच्या पंचवीस जागांसाठी उमेदवार जिल्ह्याजिल्ह्यांच्या बार रूममध्ये पसंतीक्रमाची मते मागत फिरतात. वेल्फेअर फंडाचे, विम्याचे, वकील संरक्षण कायद्याचे आश्वासन देतात. त्या बैठकीत बसलेल्या वकिलांना माझी विनंती आहे: तुमच्यासमोर मत मागायला उभ्या असलेल्याला विचारा, निवडून आल्यावर पहिल्या वर्षात ही नामावली लोकांना उघडी करणार का, आणि कोणत्या तारखेपर्यंत.